वरच्या गटातले कडलग अण्णा

शिवराम कडलगांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते अंघोळ करत होते, आणि तीही कबड्डीच्या मैदानाच्या बरोबर मध्यावर.

बहात्तर साल होतं. पावसाळा कोरडा गेला होता. मी संगमनेरहून सायकल हाणत साखर कारखान्यात रुजू व्हायला आलो होतो, टाइम ऑफिसात कारकून म्हणून. कामगारांच्या चाळींमागे मोकळं मैदान होतं. तिथे सकाळच्या उन्हात सात-आठ दांडगी माणसं लंगोटावर उभी होती. प्रत्येकापुढे एकेक बादली, आणि सगळे गंभीर चेहऱ्याने अंगावर तांब्याने पाणी घेत होते. हा काय प्रकार आहे ते कळेना, म्हणून मी सायकल थांबवली.

मधला माणूस, म्हणजेच कडलग, डोक्यावरचं पाणी निपटत म्हणाला, "कोन पायजे?"

"टाइम ऑफिस कुठे आहे?"

"हितनं सरळ. पन सायकल कडंनं घ्या. मैदान वल्लं हाय, चाकाची रेघ उठंल."

पुढे कळलं ते असं. त्या वर्षी माणशी मोजकं पाणी मिळायचं. मैदानाला पाणी मारायचं नावच नको होतं, आणि ते मागायलाही कडलग, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, गेले नाहीत. पण पाण्यावाचून मैदान फरशीसारखं टणक झालेलं. पोरं पडली की कोपरं-गुडघे सोलून निघायचे. मग अण्णांनी हुकूम काढला. अंघोळ तर सगळ्यांनाच करायची आहे, ती घरी न करता मैदानावर करायची. आज या टोकाला, उद्या दोन हात सरकून. साबण लावायला बंदी, कारण त्याने माती निसरडी होते. असं करत आठवड्याभरात सगळं मैदान एकदा भिजायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एकदा पुण्याचे पाहुणे कारखाना बघायला आले होते. चेअरमनसाहेब त्यांना कौतुकाने सगळं दाखवत फिरत होते आणि अचानक समोर हा उघडाबंब संघ. पाहुण्यांमधल्या बायकांनी माना वळवल्या. चेअरमनांचा चेहरा पडला. अण्णांनी हातातला तांब्या खाली ठेवला, पंचा गुंडाळला आणि म्हणाले, "साहेब, पानी वाया जात न्हाई. एकाच पान्यानं दोन कामं चाललीत." चेअरमनांना हसण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

अण्णा गव्हाणीवर मुकादम होते. गव्हाण म्हणजे जिथे उसाच्या मोळ्या टाकतात आणि जिथून साखळीवरून ऊस आत ओढला जातो ती जागा. वय पस्तिशीच्या पुढचं. उंची बेताची, मान आखूड, खांदे उतरते, आवाज इतका मऊ की मैदानावर हा माणूस कप्तान आहे हे नवख्याला सांगावं लागायचं. ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. बोलणं ऐकताना ते एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाच्या तळव्याने पोटरी घासत. आणि माणूस भेटला की आधी त्याचे पाय बघत.

हे पाय बघणं म्हणजे त्यांचं अजब खूळ होतं. "तोंड काय, हसतं, रडतं, कायबी करतं. पाय खोटं बोलत न्हाईत," असं म्हणायचे. समोरच्या संघाचा चढाईवाला कुठल्या बाजूला वळणार हे त्याच्या टाचेवरून सांगायचे. तिथपर्यंत ठीक. पण नवे चीफ इंजिनियर आले तेव्हाही सगळे त्यांच्या पदव्यांबद्दल बोलत होते आणि अण्णांनी निकाल दिला, "पाय चांगलं हाईत. टिकंल." माझ्याबद्दल त्यांनी फार विचार न करता सांगितलं, "भाऊसाहेब, तुमचं पाय लिव्हायच्या कामाचं हाईत." मी संगमनेरच्या मास्तरांच्या घरातला. घरात पिढ्यानपिढ्या सगळ्यांचे पाय तसेच. मी रागावलो नाही.

लिहायच्या कामाचे पाय असल्यामुळेच मी कबड्डी संघाचा मॅनेजर झालो. संघ आदल्या वर्षी व्यावसायिक संघांच्या खालच्या गटात पहिला आला होता आणि आता वरच्या गटात खेळणार होता. वरचा गट म्हणजे रेल्वे, पोलीस, पुण्यामुंबईच्या कंपन्या, बँका. त्यांच्याशी इंग्रजीत पत्रव्यवहार करायचा, एसटीची आणि मुक्कामाची सोय बघायची, एवढं माझं काम. वरच्या गटात प्रत्येक संघाशी एकेक सामना, आणि मोसमाच्या शेवटी तळाचे दोन संघ पुन्हा खाली. आमचे खेळाडू गव्हाणीवरचे, बॉयलरवरचे, वजनकाट्यावरचे हंगामी कामगार. हंगाम संपला की बाकीचे घरी जायचे. हे मात्र संघात आहेत म्हणून बारा महिने कामावर. दुष्काळाच्या त्या वर्षी या गोष्टीची किंमत काय होती हे त्यांच्या बायकांना विचारायला हवं होतं.

पहिला सामना पुण्याला झाला. समोर एका मोठ्या कंपनीचा संघ. त्यांची पोरं गाडीतून उतरली ती एकसारखे पट्ट्यांचे बनियन घालून, अंगाला तेल लावून. आमच्यातला डाव्या कोपऱ्याचा गडी येसू गुंजाळ, घोटा धरण्यात पटाईत, त्यांच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आयला, हे तर चित्रातलं दिसत्यात." सामना सुरू झाला आणि दहा मिनिटांत आमचे सातही गडी बाद झाले. सगळे बाद झाले की समोरच्याला लोणाचे जादा गुण मिळतात. तसं एक लोण चढलं, मग दुसरं. लोक हसायला लागले. शेवटी किती गुणांनी हरलो ते मला लिहून घ्यावं लागलं म्हणून लिहिलं. पुन्हा वाचायची हिंमत झाली नाही.

परतीच्या एसटीत कुणी कुणाशी बोलेना. नारायणगाव मागे पडलं. अण्णांनी पिशवीतून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली, प्रत्येकाच्या हातावर ठेवली आणि पहिल्याला विचारलं, "बबन, तुला त्यांच्यातला कोन आवडला?"

बबनला वाटलं अण्णांचं डोकं फिरलं. "आवडला म्हंजे?"

"म्हंजे आवडला. कुनाचा खेळ बघून मनात आलं का हे आपल्याला जमलं पायजे?"

बबनने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "तो काळा हुता न्हवं, उंच. पाठमोरा होऊन मागनं लाथ लावायचा."

"बरं. उद्या सकाळी तू ती लाथ आमाला शिकवायची."

"मला येत न्हाई अण्णा!"

"तुला आवडली न्हवं? मग ईल."

पुढचा, त्याच्या पुढचा, असं करत सगळ्यांना विचारून झालं. येसूने सांगितलं की दोघं दोघं हात धरून साखळी करून कसे पुढे येत होते ते आवडलं. कुणी म्हणालं, त्यांचा कप्तान पंचाशी किती अदबीने बोलत होता. संगमनेरच्या अलीकडे पोचेपर्यंत गाडीतले सगळे हातवारे करून भांडत होते, एकजण तर दोन बाकांच्या मधल्या जागेत उभा राहून मागची लाथ करून दाखवत होता आणि कंडक्टर त्याच्यावर खेकसत होता. अण्णा तोपर्यंत खिडकीला डोकं टेकून झोपले होते.

तो मोसम असाच गेला. प्रत्येक सामन्यानंतर तोच प्रश्न. जिंकल्यावरही. किंबहुना जिंकल्यावर तर अण्णा उत्तरासाठी जास्त अडून बसायचे. पोलिसांशी आम्ही थोडक्यात हरलो, नाशिकच्या संघाला हरवलं, रेल्वेला त्यांच्या मैदानावर हरवलं तेव्हा तर कारखान्याचा भोंगा वेळ नसताना वाजवला गेला आणि गव्हाणीवरचे लोक घाबरून पळत आले. त्या विजयांचा मोठा मानकरी होता दौलत हासे.

दौलत आमचा चढाईवाला. वय बावीसच्या आसपास, अंगाने काटक, हरणासारखा. प्रवरेकाठच्या एका खेड्यातला, बाप लहानपणीच गेलेला. त्याला अण्णांनीच गावच्या जत्रेत हेरला होता, पाय बघूनच. आदल्या वर्षी सरावात त्याचा डावा गुडघा निखळला. अण्णांनी त्याला सायकलच्या कॅरियरवर बसवून संगमनेरला डॉक्टरांकडे नेलं आणि परत आणून स्वतःच्या खोलीत ठेवला. अण्णांच्या बायकोने, कासाबाईंनी, पावसाळाभर त्या गुडघ्याला शेक दिला. त्या मला म्हणाल्या होत्या, "माझ्या पोराला पन एवढं तेल चोळलं न्हवतं." डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की पुन्हा तिथे जोराचा झटका बसला तर पोरगा लंगडा होईल.

मोसम निम्म्यावर आला आणि मुंबईच्या एका बँकेने दौलतला बोलावणं पाठवलं. शिपायाची नोकरी आणि बँकेच्या संघात जागा. काही महिने काम बघणार, डॉक्टरी तपासणी होणार, मग कायम करणार. दौलत ते सांगायला अण्णांकडे आला तेव्हा मी तिथेच चहा पीत बसलो होतो. नुसता दारात उभा राहिला आणि खाली बघत राहिला.

अण्णा म्हणाले, "बँकेचं न्हवं? मला कळलंय. कधी जायचं?"

"तुमी म्हनाल तर न्हाई जात."

"मी कशाला म्हनू? येडा हायस का तू?"

येसू आणि बाकीचे भडकले. वेल्फेअर ऑफिसर तर म्हणाले, कारखान्याने सोडल्याचं पत्र दिलं नाही तर त्याला या मोसमात दुसरीकडून खेळता यायचं नाही, तेव्हा पत्र द्यायचंच नाही. अण्णा दुपारी घामाने भिजलेले तसेच टाइम ऑफिसात आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"भाऊसाहेब, लिव्हा. दौलत हाश्याला सोडला."

"ऑफिसरसाहेब नको म्हणालेत."

"त्यांच्याकडनं सही मी आनतो. तुमी लिव्हा. आनंदानं सोडला असंबी लिव्हा. त्याला इंग्रजीत काय म्हनत्यात?"

"विथ प्लेजर."

"प्लेजर," त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. "चांगला हाय शब्द. लिव्हा."

ऑफिसरांकडून सही कशी आणली ते मला माहीत नाही. अर्ध्या तासात आणली एवढं खरं.

दौलत गेल्यावर आम्ही ओळीने हरायला लागलो. त्यातच दुष्काळाने ऊस संपला आणि गाळप लवकर बंद पडायची चिन्हं दिसू लागली. चेअरमनांनी अण्णांना बोलावून घेतलं. मी पत्रांची फाइल घेऊन बरोबर होतो. चेअरमन वाईट माणूस नव्हते, पण त्या वर्षी त्यांच्या दाराशी रोज शंभर माणसं काम मागत उभी असायची. ते म्हणाले, "शिवराम, स्पष्ट सांगतो. संघ वरच्या गटात राहिला तर मी संचालकांशी भांडू शकतो. खाली गेला तर पुढल्या साली संघ नाही. पोरांना बाकीच्यांसारखं हंगामापुरतं काम."

अण्णा पोटरी घासत उभे होते. म्हणाले, "न्हाई जायचा खाली."

"असं कसं सांगतोस?"

"तुमी इचारलं, मी सांगितलं."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अण्णा, एवढ्या खात्रीने कशाला बोललात?" ते म्हणाले, "भाऊसाहेब, कप्तानानं आनि काय बोलायचं असतं?"

शेवटचा सामना नगरला ठेवला होता, भिंगारच्या बाजूच्या एका मैदानावर, दुपारी. गुणांचा हिशेब असा झाला होता की आम्हाला बरोबरी पुरेशी होती. आणि समोर होती ती बँक. म्हणजे दौलत.

उन्हाळा चढला होता. छावणीतले जवान सुट्टी काढून आले होते, भिंगारच्या बाजारातले दुकानदार, आमच्या कारखान्याचे दोन ट्रक भरून लोक. मैदानाच्या कडेला कनातीच्या आडोशाला आमचा संघ बसला होता. दौलत पलीकडून आला, अण्णांच्या पाया पडला, आमच्या कुणाच्या डोळ्याला डोळा न देता परत गेला. त्याच्या डाव्या गुडघ्याला पट्टी होती.

येसूने ती बघितली. तो गेल्यावर म्हणाला, "अण्णा, मी एकच सांगतो. तो आत आला की डावा गुडघा. एकदा खाली घेतला की पुन्यांदा उठनार न्हाई. मॅच आपली."

सगळ्यांच्या मनात तेच होतं हे दिसत होतं.

अण्णा म्हणाले, "गुडघ्याला हात लावायचा न्हाई."

"नियमात बसतंय की!"

"बसंल. पन लावायचा न्हाई. तो अजून कायम झाला न्हाई तिथं. डाक्तर तपासनार हाय. गुडघा गेला की नोकरी गेली."

येसू उठून उभा राहिला. त्याचे वडील अंथरुणावर होते, पाठची बहीण लग्नाची होती. तो म्हणाला, "आनि आमची? आमची नोकरी नोकरी न्हाई का? त्याचा गुडघा तुमाला दिसतो. आमच्या घरचं कोन बघनार?"

अण्णा रागावले नाहीत. "तुझ्या घरचं मी बघनार," ते म्हणाले. "म्हनून तर जिंकायला आलोय. पन त्याला मोडून न्हाई. ज्याला पटत न्हाई त्यानं बाहेर बसावं, मी कमी गडी घेऊन खेळतो."

मला वाटलं येसू निघून जाणार. तो कनातीच्या टोकापर्यंत गेला, थुंकला आणि परत येऊन पायाला फडकं बांधायला लागला. कुणाकडे न बघता.

सामना सुरू झाला. दौलत पहिल्याच चढाईत दोघांना बाद करून गेला. आम्ही शिकवलेल्या सगळ्या युक्त्या आमच्यावर उलटत होत्या. मग एकदा तो डाव्या कोपऱ्यात शिरला आणि त्याचा डावा पाय येसूच्या अगदी पुढ्यात आला. पट्टी बांधलेला गुडघा, हातभर अंतरावर. येसूचे हात पुढे आले. मी बाहेर बाकावर होतो, मला ते हात स्पष्ट दिसले. ते तसेच हवेत थांबले, आणि दौलत त्याच्या खांद्याला टिचकी मारून परत गेला. आमचे लोक शिव्या घालायला लागले. "अरे झोपला का गुंजाळ?" येसू खाली मान घालून बाहेर आला आणि माझ्याशेजारी बसला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. थोड्या वेळाने आमच्यावर लोण चढलं.

मध्यंतरात अण्णांनी सगळ्यांना सावलीत बसवलं. पोरांचे चेहरे मेल्यासारखे. अण्णा तोंडावर पाणी मारून म्हणाले, "आता त्याला धरायचंच न्हाई."

"म्हंजे?"

"धरायला जाऊ नका. मागं ऱ्हावा. त्याला फिरू द्या, पळू द्या, येऊ द्या आत. मुंबईत असलं ऊन न्हाई आनि बँकेत पंखा हाय. एक दहा मिन्टं त्याला आपल्या मागं पळवा. मग मी बघतो."

आणि खरंच तसं झालं. आमची पोरं मागच्या रेघेला चिकटून सरकत राहिली. दौलत आत यायचा, धावायचा, रिकाम्या हाताने परत जायचा. त्याचा 'कबड्डी कबड्डी' आखूड होत गेला. बाकीच्या गड्यांना आमचे लोक एकेक करून धरत होते, बबनची ती पुण्याची लाथ दोनदा लागली, गुण हळूहळू भरून येत होते. मग दौलत पुन्हा आत आला, दम संपत आला म्हणून घाईने वळला, आणि अण्णांनी त्याच्या कमरेला मिठी मारली.

मी पुष्कळ पकडी पाहिल्या, पण तशी पाहिली नाही. धरलेल्या गड्याला खाली आपटतात, वर दोघंतिघं पडतात. अण्णांनी त्याला वर उचलला. त्याचे दोन्ही पाय जमिनीपासून सुटले. कुणी जवळ येऊ नये म्हणून अण्णा "लांब, लांब" म्हणत होते आणि दौलत लहान पोरासारखा हवेत हातपाय झाडत होता. त्याचा दम सुटला, पंचांनी हात वर केला आणि अण्णांनी त्याला हलकेच उभा केला, आधी उजव्या पायावर. जवानांनी टोप्या उडवल्या. पुन्हा बाद होऊन बाकावर आलेला येसू बसल्या जागेवरून ओरडला, काय ओरडला ते त्यालाही कळलं नसेल.

शेवटी शेवटी गुण बरोबरीत आले. दौलत पुन्हा जिवंत होऊन त्यांच्या कोपऱ्यात उभा होता. आमच्याकडे अण्णा आणि अजून एक गडी उरला होता. चढाई आमची. तेव्हा चढाईला वेळेचं बंधन नव्हतं, जोवर एका दमात बोलणं चालू आहे तोवर आत राहायचं. अण्णा रेघ ओलांडून गेले. कुणाला हात लावायला गेलेच नाहीत. हळू आवाजात कबड्डी कबड्डी म्हणत, इकडून तिकडे, तिकडून इकडे. बँकेचे गडी एका बाजूला सरकले की अण्णा दुसऱ्या. लोक आधी ओरडत होते, मग हळूहळू गप्प झाले, आणि सगळ्या मैदानावर तो एक मऊ आवाज ऐकू येत राहिला. त्यांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या. बँकेच्या गड्यांना कळलं की आता धरलंच पाहिजे. साखळी पुढे आली. अण्णा मागे हटले. दौलतने घोट्यावर झेप घेतली, अण्णांनी पाय उचलला, आणि त्याच वेळी वेळ संपल्याची शिट्टी झाली. अण्णा रेघेच्या अलीकडे येऊन मटकन खाली बसले.

आम्ही वरच्या गटात राहिलो.

लोक आत घुसले. दौलत गर्दीतून वाट काढत आला आणि अण्णांपुढे बसला. अण्णांना दम लागला होता, तरी पहिलं वाक्य त्यांनी हेच काढलं, "उशिरा आलास. मी वळायच्या आदी यायचं असतं. किती येळा सांगितलंय?"

"चुकलं अण्णा," दौलत म्हणाला आणि हसता हसता रडायला लागला.

मग तो येसूकडे गेला. येसू लांब उभा राहून फडकं सोडत होता. दौलत म्हणाला, "येसू, माझा पाय तुझ्या हातात हुता."

"हुता."

"मग?"

"अण्णा न्हाई म्हनले." फडकं झटकत तो म्हणाला, "आनि खरं सांगू का, माझंबी मन झालं न्हाई ऐन टायमाला. हात गेलाच न्हाई." दौलतने त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि दोघं पाणी प्यायला गेले.

परतीच्या ट्रकमध्ये अण्णांनी विचारलंच, "कोन आवडला?" सगळे एका सुरात ओरडले, "दौलत!" आणि अण्णा म्हणाले, "त्यो न्हाई चालायचा. त्यो आपलाच हाय. दुसरा सांगा."

चेअरमनांनी शब्द पाळला. गाळप बंद झालं तरी संघातल्या एकालाही घरी बसावं लागलं नाही. मला त्याच उन्हाळ्यात नगरला सरकारी नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी अण्णांनी माझ्या हातात शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ठेवली आणि "येत ऱ्हावा" म्हणाले. नव्या नोकरीच्या व्यापात पुन्हा तिकडे जाणं काही झालं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पुढच्या वर्षी, लग्नसराईत, राहात्याला. कचेरीच्या कामासाठी गेलो होतो आणि परतीच्या एसटीची वाट बघत उभा होतो. रस्त्याच्या कडेला एक ट्रक येऊन थांबला, माणसांनी खच्चून भरलेला, पुढे आंब्याचे डहाळे बांधलेले, आत ताशा वाजत होता. ड्रायव्हर इंजिनात पाणी ओतायला उतरला आणि त्याच्यामागून फेटा बांधलेले अण्णा उतरले. मी हाक मारली.

"भाऊसाहेब! अहो, पत्रिका पोचली न्हाई का तुमाला? दौलतचं लगीन हाय!"

"अरे वा! मुलगी कुठली?"

"येसूची बहीन की!" अण्णांच्या चेहऱ्यावरचा आनंद मावत नव्हता. "दौलत कायम झाला अन् येसूच म्हनला, अण्णा, इचारा. मी इचारलं. आता हिकडनं बी आमीच अन् तिकडनं बी आमीच. जेवायला कुठल्या पंगतीत बसायचं त्येवढं ठरलं न्हाई."

मी संघाची चौकशी केली. ते म्हणाले, येसू आता कप्तान, आणि संघ वरच्या गटात मधल्या जागेवर आहे, चांगला चाललाय. "आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी भायेर बसतो. बसायला लई अवघड जातं. खेळायचं त्यापरीस सोपं हाय." मग माझा दंड धरून म्हणाले, "चला, बसा ट्रकात. संध्याकाळच्या लग्नाला पोचतो."

"रजा नाही हो अण्णा."

"रजा काय, एक अर्ज लिव्हा. तुमाला येतंच की लिव्हायला. प्लेजर घाला त्यात."

मी हसलो, पण गेलो नाही. ड्रायव्हरने भोंगा दिला. अण्णा मागच्या फळीवर पाय देऊन वर चढले. आत दाटीवाटीने उभे असलेले लोक कुणी दोराला, कुणी एकमेकांच्या खांद्याला धरून होते. अण्णा अगदी मागे, माझ्याकडे तोंड करून उभे राहिले, कशालाही न धरता, आणि तिथून मोठमोठ्याने सांगू लागले की कासाबाई पुढं गेलीय, तिनं तुमची आठवण काढली हुती, एकदा घरी या. ट्रक हलला. पुढे रस्ता खराब होता. ट्रक एका अंगाने कलला आणि अण्णांच्या बाजूचा एक म्हातारा पाव्हणा तोल जाऊन फळीबाहेर झुकला. अण्णांनी तिकडे न बघताच त्याच्या कमरेला हात घातला, त्याला आत ओढून सरळ उभा केला, आणि माझ्याशी बोलणं पुढे चालू ठेवलं.